दुखणं खांद्यात, मूळ यकृतात

"वहिनी, उजवा खांदा नुसता भरून आलाय. काल टेम्पोतून पोती उतरवली ना, लचक भरली असणार."

२०२३ सालची गोष्ट. गणपती पंधरा दिवसांवर आले होते. मी माळ्यावरून मखराचं सामान काढत होते आणि माझे धाकटे दीर ओट्यावर बसून खांदा चोळत होते. भावजींचं वय अडतीस. स्वतःचा टेम्पो, अंगापिंडानं धिप्पाड. असा माणूस खांदा दुखतो म्हणाला तर कोण मनावर घेणार? सासूबाईंनी तेल गरम करून दिलं, वरून विटेचा शेक. झालं!

दोन दिवसांनी ताप आला. संध्याकाळी हुडहुडी भरायची, दोन-दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे आणि मध्यरात्री घाम फुटून अंथरूण ओलं व्हायचं. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं. मलेरिया नव्हता. टायफॉईडची तपासणी 'थोडी पॉझिटिव्ह' आली, म्हणून त्या गोळ्या सुरू झाल्या. ताप एक दिवस उतरायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

गणपती बसले, गौरी आल्या, गेल्या. उकडीच्या मोदकांचं ताट समोर ठेवलं तर भावजींनी तोंड फिरवलं. एका बैठकीत अकरा मोदक खाणारा हा माणूस! पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. शेजारच्या काकूंनी काविळीच्या माळेचा सल्ला दिला. डोळे पिवळे नव्हते तरीही!

खरं काय ते ओळखलं माझ्या जावेनं. तापात भावजींचं अंग पुसताना उजव्या बरगडीवर तिचा हात पडला आणि ते किंचाळलेच. ती धावत स्वयंपाकघरात आली. "ताई, ह्यांचं दुखणं खांद्याचं नाही हो. बरगडीखाली हात लावू देत नाहीत. उजव्या कुशीवर झोपत नाहीत. खोल श्वास घेतला की कळ येते."

दहावी झालेली माझी जाऊ. पण पंधरा दिवसांत आम्ही कुणी जे पाहिलं नव्हतं, ते तिनं पाहिलं होतं.

यकृतात पू?

दुसऱ्या दिवशी भावजींना जिल्ह्याच्या गावी नेलं. तिथल्या डॉक्टरांनी खांद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उजव्या बाजूच्या दोन बरगड्यांच्या मधोमध बोटानं हलकंच दाबलं. भावजी कळवळले. "सोनोग्राफी करून आणा," एवढंच ते म्हणाले.

अर्ध्या तासात रिपोर्ट हातात आला. लिव्हरच्या उजव्या भागात नऊ सेंटिमीटरचं गळू. म्हणजे चांगल्या मोठ्या मोसंबीएवढी पुवानं भरलेली पोकळी. इंग्रजीत त्याला म्हणतात लिव्हर अॅब्सेस.

मैत्रिणींनो, मी बी.ए. झालेली बाई. गळू म्हटलं की मानेवरचं, काखेतलं, फार तर पाठीवरचं. पोटाच्या आत, यकृतात गळू होतं हे मला ठाऊकच नव्हतं. आणि मग खांदा का दुखत होता? डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. यकृताच्या अगदी वर श्वासपटल असतं. गळवामुळे यकृत सुजलं की ते वर दाबलं जातं. त्या पटलाची संवेदना नेणारी नस निघते मानेतून, आणि खांद्याच्या नसाही तिथूनच निघतात. मेंदूची गल्लत होते. आग लागलेली असते खालच्या मजल्यावर आणि आरडाओरडा ऐकू येतो वरच्या खिडकीतून! आम्ही पंधरा दिवस खिडकीला तेल लावत बसलो होतो.

हे येतं कुठून?

यकृतातल्या गळवाचे मुख्य दोन प्रकार. एक अमीबामुळे होणारा, आपल्याकडे हा बराच आढळतो. दुसरा साध्या जिवाणूंमुळे होणारा.

अमीबा म्हणजे डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय जीव. ज्याच्या आतड्यात तो असतो त्याच्या विष्ठेतून त्याची कवचधारी रूपं बाहेर पडतात. ती पाण्यात, ओल्या मातीत काही आठवडेसुद्धा टिकतात. फुटलेल्या पाइपातून, न धुतलेल्या हातांतून, सांडपाण्यावर वाढवलेल्या पालेभाजीतून ती आपल्या तोंडात जातात. आतड्यात कवच फुटतं आणि अमीबा बाहेर येतो. बऱ्याच जणांना काहीच होत नाही. काहींना आव पडते. आणि काहींच्या बाबतीत तो आतड्याची भिंत पोखरून रक्तात शिरतो. आतड्यातलं सगळं रक्त आधी यकृताकडे जातं, त्यामुळे हा पाहुणाही थेट तिथेच उतरतो. बहुतेक वेळा उजव्या भागात, कारण तो भाग मोठा आणि आतड्याच्या उजव्या बाजूचं रक्त मुख्यतः तिकडेच जातं.

मी डॉक्टरांना विचारलं, "पण ह्यांना जुलाब तर झालेच नाहीत!" ते म्हणाले, "निम्म्याहून जास्त रुग्ण हेच सांगतात." गळू होतं तेव्हा जुलाब असतीलच असं नाही. आतड्यात अमीबा शिरल्यावर कित्येक आठवड्यांनी, महिन्यांनीसुद्धा गळू होऊ शकतं. त्यामुळे भावजींना ते कुठल्या ढाब्यावरच्या पाण्यातून आलं की घरच्याच नळातून, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. अमीबा आतड्यात शिरतो तो बाई-पुरुष बघून शिरत नाही. पण यकृतातलं गळू मात्र पुरुषांना बायकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होतं, तेही विशी ते पन्नाशीच्या कर्त्या वयात. त्यातही दारू पिणाऱ्यांमध्ये जास्त. दारूतून अमीबा तयार होत नाही, पण दारूनं यकृत आधीच दुबळं झालेलं असतं. शिवाय ताडी आणि हातभट्टी कुठल्या पाण्यात, कुठल्या भांड्यात तयार होते ते कोण बघायला गेलंय?

हे सांगताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "हे घेतात का?"

आणि मी खोटं बोलले

जावेनं मान खाली घातली. भावजी छताकडे बघू लागले. मी पटकन म्हणाले, "छे हो! आमच्या घरात तसलं काही नाही."

का म्हणाले मी असं? आज विचार केला तरी लाज वाटते. गावातल्या तीन बचत गटांचं काम मी बघते. दारूबंदीच्या ठरावासाठी ग्रामसभेत पहिला हात माझा. बायकांना सांगत फिरते, "नवरा पितो हे लपवू नका, लपवलं की वाढतं." आणि माझ्याच घरात भावजी रोज रात्री घेऊन येतात, जाऊ दाराला आतून कडी लावून त्यांना झोपवते, हे मला आठ वर्षांपासून ठाऊक होतं. गावात बोभाटा नको म्हणून मीच तिला गप्प केलं होतं. "घरातलं घरात राहू दे गं," हे शब्द माझे.

भावजींना दाखल केलं. सलाईन, इंजेक्शनं सुरू झाली. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या रात्री त्यांचे हात थरथरायला लागले. तिसऱ्या दिवशी भलतंच काहीतरी बरळू लागले. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणाले, सलाईनची सुई उपटून टाकली, दोन वॉर्डबॉयनाही आवरेनात. डॉक्टर धावत आले. विष रक्तात भिनलं का? मेंदूपर्यंत गेलं का? यकृतानं काम थांबवलं का? डोक्याचं स्कॅनिंग करायचं ठरलं. आमच्या तोंडचं पाणी पळालं.

तेव्हा जाऊ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मोठी जाऊ म्हणून मला कधी उलट शब्द न बोललेली ती. "ताई, आता तरी सांगा. नाहीतर मी सांगते."

मी तोंड उघडायच्या आत तीच डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, हे रोज पितात. आठ वर्षं झाली. तीन दिवस मिळाली नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अशी अवस्था होऊ शकते आणि ती जिवावरही बेतू शकते, हे त्यांनी सांगितलं. आधी कळलं असतं तर पहिल्या दिवसापासून त्यावरची औषधं, बी-वनची इंजेक्शनं देता आली असती. मग ती सुरू केली. दोन दिवसांनी भावजी शुद्धीवर आले, जावेला म्हणाले, "पोरं कुठायत?"

घराण्याची अब्रू राखायला गेलेली मी. माणूसच गमावला असता.

उपचार कसे होतात

भावजींचं गळू मोठं होतं, म्हणून नुसत्या औषधावर भागलं नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, जागा बधिर करून, बरगड्यांच्या फटीतून एक बारीक नळी आत घातली. तिचं टोक आत गेल्यावर डुकराच्या शेपटीसारखं गोल वळतं, म्हणून तिचं नाव पिगटेल. पोट फाडलं नाही, मोठं ऑपरेशन नाही. पहिल्याच दिवशी साडेतीनशे मिलीच्या आसपास पू आला. रंग चॉकलेटसारखा तपकिरी, आणि नवल म्हणजे फारसा वास नाही. अमीबाच्या पुवाची हीच ओळख, असं सिस्टर म्हणाल्या.

प्रत्येकाला नळी लागतेच असं नाही. अमीबाची लहान गळवं मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल या औषधांनी बरी होतात. तीन-चार दिवसांत ताप उतरायला लागतो. तो उतरला नाही, गळू मोठं असलं, किंवा फुटण्याच्या बेतात असलं तर पू काढावा लागतो. गळू डाव्या भागात असेल तर डॉक्टर जास्त जपतात, कारण तिथून ते हृदयाच्या आवरणात फुटू शकतं. उजवीकडचं छातीत किंवा पोटात फुटू शकतं. म्हणून 'बघू दोन दिवस' हे वाक्य या आजारात महागात पडतं.

हे औषध चालू असताना आणि संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस दारूचा थेंबही चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

मी नंतर थोडं वाचलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या आजारात पोट उघडून पू काढायचे आणि त्यात कित्येक रुग्ण दगावायचे. कोलकात्याच्या लिओनार्ड रॉजर्स या डॉक्टरांनी १९१२ साली एमेटिनची इंजेक्शनं वापरून दाखवली आणि चित्र पालटलं. मेट्रोनिडाझोल त्यानंतर, १९६०च्या दशकात आलं. आज वेळेवर पोचलेला रुग्ण बहुतेक वेळा खडखडीत बरा होतो. अट एकच, वेळेवर पोचण्याची!

घरी सोडताना डॉक्टरांनी आणखी दहा दिवसांच्या वेगळ्या गोळ्या दिल्या. भावजी म्हणाले, "आता ताप नाही, दुखत नाही, गोळ्या कशाला?" आपल्याकडे सगळ्यांची चूक होते ती नेमकी इथे. पहिलं औषध यकृतातला अमीबा मारतं. पण आतड्यात दडलेली कवचं शिल्लक राहू शकतात. ती मारायला डायलोक्सानाइडसारखं दुसरं औषध लागतं. ते घेतलं नाही तर आजार उलटू शकतो आणि घरातल्या इतरांनाही लागण होऊ शकते. आमच्याकडे जावेनं कॅलेंडरवर रोज फुली मारत त्या गोळ्या पुऱ्या करून घेतल्या. डॉक्टरांनी सांगितल्यावर आम्ही घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणीही करून घेतली.

आणि महिन्यानं सोनोग्राफी केली तर गळू दिसतंच आहे! घरात पुन्हा रडारड. डॉक्टर हसले. आतली पोकळी भरून यायला कित्येक महिने लागतात. ताप नाही, भूक लागते, वजन वाढतंय ना? मग रिपोर्टातल्या डागाला घाबरायचं नाही.

बायकांनो, हे आपल्यासाठी

हा पुरुषांचा आजार म्हणून निर्धास्त राहू नका. जिवाणूंमुळे होणारं गळू बाई-पुरुष दोघांनाही होतं. आमच्या गटातल्या एक मावशी, वय अठ्ठावन्न, डायबेटिस जुना, पित्ताशयात खडे. गेल्या वर्षी त्यांना थंडी-ताप यायला लागला. सुनेचं बाळंतपण होतं, म्हणून आठ दिवस क्रोसिन घेऊन बाळंतिणीचं न्हाणं-धुणं करत राहिल्या. नवव्या दिवशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. त्यांच्याही यकृतात पू होता, पण अमीबाचा नाही. पित्तनलिकेत अडकलेल्या खड्यामागे जंतू वाढले आणि वर यकृतात चढले. अपेंडिक्स किंवा पोटातल्या दुसऱ्या जंतुसंसर्गातूनही असं होतं, आणि डायबेटिस असेल तर धोका वाढतो. रक्ताचं आणि पुवाचं कल्चर करून कुठला जंतू आहे ते बघितलं, नळी घातली, शिरेतून अँटिबायोटिक दिलं. एकूण औषध सहा आठवडे. शिवाय खड्याचा बंदोबस्त वेगळा. उपचार झाले नाहीत तर हा प्रकार अमीबापेक्षाही घातक. मावशी वाचल्या. "माझं काय गं, किरकोळ ताप," असं म्हणणाऱ्या प्रत्येकीनं हे आठवावं.

म्हणून सांगते, चार-पाच दिवसांत न उतरणारा थंडी वाजून येणारा ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं किंवा दाबल्यावर कळ, उजवा खांदा दुखणं, खोल श्वास किंवा खोकला आला की वेदना, भूक मरणं आणि वजन घटणं, यातलं काही एकत्र दिसलं तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "सोनोग्राफी करायची का?" कावीळ दिसायची वाट बघू नका, ती बऱ्याचदा नसतेच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, लिव्हरच्या चाचण्या, छातीचा एक्स-रे यांची मदत होते, पण गळू दाखवते ती सोनोग्राफी. डायबेटिस, खडे, दारू, आधी झालेली आव, जे असेल ते न लाजता सांगा. अचानक पोटभर दुखू लागलं किंवा धाप लागली तर क्षणाचाही उशीर नको. खर्चाची काळजी असेल तर सरकारी योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

आणि घरात? टाकीत टीसीएल पावडर पडते, ती पडलीच पाहिजे, कॉलरा-टायफॉईडसाठी ती हवीच. पण अमीबाचं कवच चिवट असतं, नेहमीच्या क्लोरिनला ते दाद देईलच असं नाही. पाणी खळाखळा उकळणं हाच भरवशाचा उपाय. निदान पावसाळ्यात आणि पाइप फुटल्याची बातमी आली की उकळाच. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणानं हात, कापलेली नखं, वाहत्या पाण्यात पान-पान धुतलेली भाजी. नाल्याकाठची मेथी-पालक कच्ची खाऊ नका. आव पडली की मेडिकलमधून दोन गोळ्या आणून गिळायच्या आणि विसरून जायचं, ही सवयही सोडा. डॉक्टरांना दाखवा, औषध पुरं करा.

त्या दिवशीची बैठक

दिवाळीनंतर बचत गटाची बैठक होती. विषय होता हप्त्यांचा. हप्ते संपल्यावर मी म्हणाले, "मला एक सांगायचंय." आणि सगळं सांगितलं. भावजींचं, माझ्या खोट्याचं, जावेच्या खरेपणाचं. माझे पाय लटपटत होते. आता या बायका मला हसतील, उद्यापासून माझं कोण ऐकणार, असं वाटत होतं.

कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं मागून एक जण म्हणाली, "ताई, आमच्या ह्यांनाही महिन्यापासून संध्याकाळचा ताप येतोय. घेतात ते. डॉक्टरला मीही सांगितलं नव्हतं." मग दुसरी बोलली. मग तिसरी. त्या दिवशी बैठक दिवेलागणीपर्यंत चालली.

भावजी आता टेम्पो चालवतात. मधे दोनदा घसरले, मुक्तांगणसारख्या ठिकाणी जायचं का यावर घरात दोन वेळा वादही झाले. सध्या सात महिने कोरडे आहेत. पुढचं मी छातीठोकपणे सांगणार नाही, खोटं एकदा बोलून झालंय. पण आता रात्री त्यांना उशीर झाला तर जाऊ दाराला कडी लावत नाही. सरळ माझ्या दारात येऊन म्हणते, "ताई, चला, बघून येऊ."

आणि मी चपला घालते.